बंद पडलेला जिमखाना पुन्हा चालू कसा होतो?



आपल्या पत्रिकेत आम्ही उसाच्या जाती, खताच्या मात्रा, तोडणीचे वेळापत्रक आणि उताऱ्याचे आकडे यांवर नेहमी लिहितो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या जिमखान्याचा.

"कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला?" असे कुणी विचारील. उत्तर सरळ आहे. ग्रामीण भागातली बरीच महाविद्यालये सहकाराच्या आधाराने उभी राहिली. उसाच्या बिलातून टनामागे कापलेल्या पैशातून कुठे इमारत झाली, कुठे वसतिगृह झाले. त्या महाविद्यालयांत आज आपलीच पोरं-पोरी शिकतात आणि प्रवेशाच्या वेळी जिमखान्याची फी भरतात. इमारत उभी आहे, वर्ग भरतात, परीक्षा होतात. पण अनेक ठिकाणी जिमखान्याच्या खोलीला कुलूप असते आणि मैदानावर गाजरगवत माजलेले असते. पैसा आपला, मुले आपली, मैदानही बहुतेक ठिकाणी गावानेच दिलेले. तेव्हा हा विभाग का बसतो आणि पुन्हा कसा उभा करता येतो, हे सभासदाला कळले पाहिजे.

जिमखान्याचा कारभार कसा चालतो

आधी रचना समजून घेऊ. अनुदानित महाविद्यालयात 'शारीरिक शिक्षण संचालक' असे एक पद असते. मैदान, साहित्य, संघांची निवड, सराव आणि स्पर्धांच्या नोंदी ही त्यांची जबाबदारी. त्यांच्या जोडीला प्राध्यापकांची जिमखाना समिती असते. खर्चासाठी विद्यार्थ्यांकडून घेतलेली जिमखाना फी असते.

स्पर्धांची पायरीही ठरलेली आहे. नाशिक जिल्ह्यातली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे या विद्यापीठाचे जिल्हे. आधी महाविद्यालयांच्या आपसात सामने होतात, मग विभागाविभागांत. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' स्पर्धेला आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. २०२० साली भुवनेश्वर येथून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या. म्हणजे खेड्यातल्या महाविद्यालयातून धावू लागलेल्या पोराला देशपातळीपर्यंत जायला रस्ता आहे. पण त्या रस्त्याची पहिली पायरी महाविद्यालयाच्या मैदानात आहे. तीच मोडकी असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पोरासाठी नसल्यातच जमा.

तो बसतो कसा

जिमखाना एका दिवसात बंद पडत नाही. आपल्या जिल्ह्यात काही सहकारी कारखान्यांची चाके कित्येक हंगाम थांबलेली आपण पाहिली आहेत. तिथेही आधी एक दुरुस्ती पुढे ढकलली गेली, मग दुसरी, मग हंगाम अर्धवट गेला आणि शेवटी बॉयलर पेटलाच नाही. जिमखान्याचे तसेच होते.

पहिले कारण माणसाचे. जुने संचालक निवृत्त होतात आणि पद रिकामे राहते. मग तो कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे "तात्पुरता" दिला जातो. त्यांना आपले तास असतात, पेपर तपासायचे असतात. ते प्रवेशिका वेळेवर पाठवतात, एवढेच त्यांच्या हातून होऊ शकते. सराव घेणारा कुणी उरत नाही.

दुसरे कारण मैदानाचे. माणूस नाही म्हणून मैदान रिकामे, आणि रिकाम्या जागेला मागणी फार. कधी लग्नाचा मांडव, कधी सभा, कधी वाहनतळ. मांडवाचे खड्डे तसेच राहतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि पुढच्या वर्षी त्या मैदानावर धावायचे म्हणजे पाय मुरगळायचे काम.

तिसरे कारण खर्चाच्या पद्धतीचे. फी जमा होते, पण सराव नसल्यामुळे ती स्पर्धेच्या आठवड्यातच खर्च होते. गाडीभाडे, टी-शर्ट, स्नेहसंमेलनातले करंडक आणि छपाई. पीक वाळून गेल्यावर पाणी सोडावे तसा हा खर्च. वर्षाचे दहा महिने काही नाही आणि स्पर्धेच्या आधी चार दिवस धावपळ.

चौथे कारण आपल्या घरातले आहे. बारावीनंतर पोराने शेतात यावे आणि पोरीचे लग्न उरकावे, असा आपला हिशेब असतो. खेळणारी पोरगी सकाळी पाच वाजता बाहेर पडली की चार लोक विचारतात. महाविद्यालयाचे दोष काढताना हेही सांगितलेच पाहिजे.

नाशिकने काय करून दाखवले

आता कुणी म्हणेल, हे शहरातल्या श्रीमंत संस्थांचे काम आहे, आपल्याला कुठे जमायचे? म्हणून आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ.

हरसूलच्या बाजूला, डोंगराळ आदिवासी भागात सावरपाडा नावाचे छोटे गाव आहे. तिथली कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावत असे. नाशिकमध्ये तिला भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांचे मार्गदर्शन मिळाले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता १० हजार मीटर धावली, म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीवर २५ फेऱ्या. केनियाच्या दोन धावपटूंच्या मागे ३३ मिनिटे ५ सेकंदांत तिने कांस्यपदक घेतले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी भारताला धावण्याचे वैयक्तिक पदक मिळाले होते ते १९५८ साली कार्डिफला, मिल्खा सिंग यांच्या रूपाने. मध्ये ५२ वर्षे गेली होती.

पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे १० हजार मीटरमध्ये केरळच्या प्रीजा श्रीधरनला सुवर्ण आणि कविताला रौप्य मिळाले. दोघींमधले अंतर एका सेकंदाहूनही कमी होते. ५ हजार मीटरमध्ये कविताने कांस्यही घेतले. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली.

एकटी कविता झाली असती तर आम्ही म्हटले असते, देवाची देणगी. पण तिच्यामागून रांग लागली. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव नाशिकलाच तयार झाली. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५ हजार मीटरला तिने कांस्य घेतले. त्याच वर्षी तैपेई येथे जगभरच्या विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तिला १० हजार मीटरला रौप्य मिळाले. ही स्पर्धा विद्यार्थ्यांची होती, हे मुद्दाम लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी जगातल्या विद्यार्थ्यांत दुसरी आली. याच साली नाशिकची मोनिका आथरे लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावली.

या मुली काही एकाच घरच्या नाहीत आणि एकाच गावच्याही नाहीत. मग सारखे काय होते? प्रशिक्षक तोच होता आणि तो वर्षानुवर्षे जागेवर होता. मैदान ठरलेले होते आणि ते सकाळ-संध्याकाळ उघडे असे. नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूलच्या परिसरातील मैदानावर ही मंडळी घाम गाळत होती. आणि नव्या पोरीला पुढे धावणारी दुसरी पोरगी डोळ्यांसमोर दिसत होती. हवाही साथ देते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात पहाट थंड असते. पण ही हवा आपल्या तालुक्यातही आहे, ती काही शहराच्या मालकीची नाही.

आणखी एक उदाहरण उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि नौकानयन म्हणजे काय ते पुण्याला गेल्यावर शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो १३वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक घेऊन आला. कष्टाने कमावलेली ताकद गावातच होती. ती ओळखायला मात्र सैन्य लागले. दत्तूसारखे अंग असलेली किती पोरं आपल्या भागात असतील आणि ती कुणी पाहिलीच नसतील, याचा विचार सभासदांनी करावा.

केरळातली रीत

प्रीजाचा उल्लेख वर आलाच आहे, तर केरळचेही पाहू. त्या राज्याने फार पूर्वी एक गोष्ट ओळखली. खेळाडूला शाळा-महाविद्यालय, मैदान, मुक्काम आणि जेवण एकाच ठिकाणी दिले पाहिजे. १९७६ साली कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू झाला. पी. टी. उषा तिथली विद्यार्थिनी आणि ओ. एम. नंबियार तिचे प्रशिक्षक. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने तिचे कांस्यपदक हुकले. तिथल्या अनेक महाविद्यालयांना जोडून क्रीडा वसतिगृहे चालवली गेली. कोतमंगलम हे एर्नाकुलम जिल्ह्यातले गाव काही महानगर नव्हे. आजूबाजूला रबराचे मळे. पण तिथल्या मार अथनेशियस महाविद्यालयाचे नाव धावपटूंमुळे देशभर झाले. रबर पिकवणाऱ्या गावाला जे जमले ते ऊस पिकवणाऱ्या गावाला का जमू नये?

अमेरिकेतल्या महाविद्यालयांचे खेळ मोठे, त्यांचे स्वतंत्र खाते, तिकिटांचे आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न. ते आपल्या कामाचे नाही. तिथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. १९७२ साली तिथे कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. खेळालाही तो लागू झाला आणि मुलींना मैदानाची दारे उघडली. आपल्या जिल्ह्यात तर कायद्याची वाट न पाहता मुलींनीच पदके आणून दाखवली आहेत.

उभारणीचा क्रम

बसलेला जिमखाना उभा करायचा तर सगळे एकदम करायला जाऊ नये. मोडलेल्या खोडव्यात आपण काय करतो? आधी नांग्या भरतो, मग खत-पाणी. इथेही क्रम आहे.

पहिली गोष्ट, खेळ एकच किंवा फार तर दोन निवडा. क्रिकेटचे साहित्य महाग, पोहण्याला तलाव लागतो. धावणे, कबड्डी आणि खो-खो यांना मैदान आणि माणूस पुरतो. लांब पल्ल्याचे धावणे तर आपल्या भागातल्या पोरांच्या अंगातच आहे. एका खेळात महाविद्यालयाचे नाव झाले की दुसऱ्या खेळातली मुले आपोआप मैदानावर येतात.

दुसरी गोष्ट, माणूस. संचालकाचे पद रिकामे असेल तर ते भरण्यासाठी संस्थेने शासनाकडे आणि विद्यापीठाकडे पाठपुरावा केलाच पाहिजे. पण तोवर थांबून चालणार नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली तरुण मंडळी तालुक्यात आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले चांगले धावपटू आहेत. त्यांतून एकाला मानधनावर घ्यावे आणि निदान तीन वर्षे बदलू नये. दर वर्षी नवा प्रशिक्षक म्हणजे दर वर्षी नवी लागण. खोडवा कधी लाभायचाच नाही. त्याच्या कामाचे मोजमाप पदकांवर न करता हजेरीवर करावे. सकाळी किती मुले आली, किती टिकली, किती वेळा धावली, हे वहीत पाहिजे.

तिसरी गोष्ट, मैदान. ४०० मीटरची आठ पट्ट्यांची पूर्ण धावपट्टी आखायला सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते. म्हणजे जवळजवळ ४ एकर. तेवढी जागा नसेल तर एक-दीड एकरात २०० मीटरची धावपट्टी बसते. त्यावर २५ फेऱ्या मारल्या की ५ किलोमीटर झाले. रबरी धावपट्टीच्या मागे लागू नये, तो कोट्यवधींचा मामला. खड्डे भरून, बारीक मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवला की काम भागते. ट्रॅक्टर सभासदांकडे आहेत, टँकर आहेत. पाणी साचू नये म्हणून उतार आणि चर कसा काढायचा हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मांडवासाठी मैदान द्यायचेच झाले तर धावपट्टी सोडून द्यावे आणि खड्डे बुजवून घेतल्याशिवाय अनामत परत करू नये.

चौथी गोष्ट, वेळ. सकाळी साडेपाच ते सात, आठवड्यातून सहा दिवस, पाऊस असो की परीक्षा. गळिताच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. अंधारात रस्त्यावर पोरं पळवू नयेत. पळायचेच तर उजेड झाल्यावर, वाहनांकडे तोंड करून.

सरावाचेही थोडे सांगतो. नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात दमवून टाकले की दुसऱ्या आठवड्यात ते येत नाही. आठवड्यातले तीन दिवस बोलता बोलता पळता येईल एवढ्या संथ गतीने, एक दिवस लांब पल्ला, एक दिवस ठरावीक अंतराच्या जलद फेऱ्या आणि एक दिवस व्यायाम. रविवारी विश्रांती. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त वाढवू नये, हा जुना ठोकताळा आहे. समजा पहिल्या आठवड्यात २० किलोमीटर झाले, तर दुसऱ्यात २२. युरियाचा डोस दुप्पट केला म्हणून ऊस दुप्पट होत नाही, तसेच हे.

मुलींसाठी वेगळी तयारी

मुली आणायच्या तर तीन गोष्टी आधी कराव्या लागतात. मैदानालगत कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह. सरावाच्या वेळी एखादी महिला प्राध्यापक किंवा सेविका हजर. आणि दूरच्या गावच्या मुलींसाठी मुक्काम किंवा जाण्या-येण्याची खात्रीची सोय. एवढे झाले नाही तर आई-बाप पाठवणार नाहीत आणि त्यांचे चुकतेही म्हणता येणार नाही.

चौथी गोष्ट रक्ताची. राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिलांत रक्त कमी असल्याचे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. रक्त कमी असलेल्या मुलीला धाप लवकर लागते आणि प्रशिक्षकाला वाटते की ती आळशी आहे. म्हणून जुलै महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून सगळ्या खेळाडूंची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या द्याव्यात. कुणी दुकानातून आणलेली ताकदीची पावडर किंवा इंजेक्शन मात्र मुळीच घेऊ देऊ नये. उत्तेजकाच्या चाचणीत सापडले की सगळे कष्ट मातीत जातात, आणि "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर चालत नाही.

पैशाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. पैसा कुठून आणायचा? उदाहरणादाखल आकडे धरू. एखाद्या महाविद्यालयात १२०० विद्यार्थी आहेत आणि जिमखाना फी १०० रुपये आहे असे समजा. वर्षाला १ लाख २० हजार रुपये झाले. हा पैसा करंडक आणि टी-शर्ट यांत न घालवता प्रशिक्षकाचे मानधन, मैदानाची दुरुस्ती आणि बूट यांत घातला तर सुरुवात होते.

राहिला आहार. सराव झाल्यावर तासाभरात पोटात काही गेले पाहिजे. उसळ, शेंगदाणा-गुळाचा लाडू, दूध, अंडे, केळे. महागडे काही नको. ३० खेळाडू, माणशी रोजचे ३० रुपये आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर १ लाख ८० हजार रुपये लागतात. ३ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या हिशेबात हे टनाला ६० पैसे पडतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला हंगामाचे ६० रुपये.

कपातीचे नाव काढले की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. ती पडायलाही कारणे आहेत. म्हणून कपातच करा असे आम्ही म्हणत नाही. करायची तर ती वार्षिक सभेत ठराव करून, मुदत घालून आणि वेगळ्या खात्यात ठेवून करावी. नाही तर दुधाची जबाबदारी डेअरीने, शेंगदाण्याची व्यापारी मंडळींनी आणि मुक्कामाची माजी विद्यार्थ्यांनी उचलली तरी काम होते. वस्तुरूपाने दिलेली मदत वाटेत हरवत नाही. पण कुठलीही मदत असो, महिन्याचा जमा-खर्च जिमखान्याच्या फलकावर लागला पाहिजे.

फळ कधी मिळेल?

पहिल्या वर्षी पदक मागू नये. पहिल्या वर्षी ३० मुले सकाळी येतात आणि निदान २० टिकतात, एवढे झाले तरी गंगेत घोडे न्हाले. दुसऱ्या वर्षी विभागीय स्पर्धेत नाव दिसू लागावे. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात एक-दोन पोरं जावीत. त्याहून लवकर फळ दाखवतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आहेत. बोगस प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी जाते आणि नावही जाते.

प्रत्येक पोर काही कविता राऊत होणार नाही. मग बाकीच्यांचे काय? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस आणि सैन्य भरतीत धावण्याची चाचणी असते, आणि तीन वर्षे रोज पळालेल्या पोराला ती जड जात नाही. हे सगळे बाजूला ठेवले, तरी व्यसनाच्या वयात पहाटे उठून मैदानावर जाणारे पोर रात्री धाब्यावर सापडत नाही. आपल्या गावातली चांगली पोरं कशाने बिघडली याची यादी प्रत्येकाने मनात करून पाहावी.

सभासदांनी काय विचारावे

महाविद्यालयाच्या नियामक मंडळात आपले प्रतिनिधी असतात. माजी विद्यार्थी म्हणून, पालक म्हणून, गावकरी म्हणून आपल्याला विचारायचा हक्क आहे. तावातावाने भांडायला जाऊ नये. पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे लेखी मागावीत.

१. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे काय? नसेल तर कधीपासून रिकामे आहे आणि ते भरण्यासाठी शेवटचे पत्र कधी पाठवले?

२. गेल्या तीन वर्षांत जिमखाना फी किती जमली आणि कोणत्या बाबीवर किती खर्च झाली?

३. मैदान सकाळी किती वाजता उघडते आणि किल्ली कुणाकडे असते?

४. सरावाला रोज किती मुले आणि किती मुली येतात? हजेरीची वही दाखवता येईल काय?

५. गेल्या वर्षी महाविद्यालयाचे किती संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना उतरले आणि किती ठिकाणी नुसती प्रवेशिका भरून कुणी गेलेच नाही?

६. मुलींसाठी खोली, स्वच्छतागृह आणि महिला देखरेख आहे काय?

या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली की जिमखाना जिवंत आहे की नुसता पावतीवर आहे ते कळेल. उत्तरे चांगली आली तर प्राचार्यांचे आणि संचालकांचे जाहीर कौतुक करावे. असे मनापासून राबणारे लोकही आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांची पाठ कुणी थोपटत नाही. उत्तरे चांगली नसली तर नुसते दोष न काढता, "रोलर आम्ही देतो, पाणी आम्ही मारतो, माणूस तुम्ही नेमा" असे सांगून कामाला लागावे.

प्रवेश जूनमध्ये होतात आणि सराव जुलैत सुरू झाला पाहिजे. त्याआधी, उन्हाळ्यात ट्रॅक्टर थोडे मोकळे असतात, तेव्हाच मैदानाचे काम उरकून घ्यावे. आपल्या गटातून कुणी हे काम हाती घेतले तर शेतकी गट कार्यालयात लेखी कळवावे. काय केले, किती खर्च आला, किती मुले येतात, हे पत्रिकेच्या पुढच्या अंकांतून इतर सभासदांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था आम्ही करू.